पाच डॉलरचा ज्युनियर डक स्टॅम्प : घ्यावा की नाही?

अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय खात्यातर्फे दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक छोटेसे तिकीट विक्रीला येते. त्यावर रानबदक, कलहंस किंवा हंस यांपैकी कोणत्या तरी एका पक्ष्याचे चित्र असते आणि ते चित्र बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या एखाद्या विद्यार्थ्याने काढलेले असते. हाच ज्युनियर डक स्टॅम्प. त्याची किंमत ५ डॉलर आहे. तो पत्राला लावता येत नाही आणि शिकारीचा परवाना म्हणूनही चालत नाही. अशा, एरवी कोणत्याच कामाला न येणाऱ्या वस्तूचे परीक्षण लिहिण्याचे कारण म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत या स्टॅम्पाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते तो विकत घेतला की पक्षी वाचवण्यास आपला हातभार लागतो, तर काहींच्या मते ही निव्वळ चित्रकलेची स्पर्धा असून पक्ष्यांशी तिचा संबंध नावापुरता आहे. माझ्या मते दोन्ही मते अर्धवट आहेत. या स्टॅम्पामागचा उपक्रम उत्तम आहे, स्टॅम्प स्वतः मध्यम दर्जाचा आहे, आणि आपल्या पाच डॉलरांचे नेमके काय होते याची बहुतेक खरेदीदारांना कल्पना नसते.

त्यासाठी आधी मोठ्या भावंडाची ओळख करून घ्यायला हवी. मूळ डक स्टॅम्प १९३४ सालचा. त्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानी प्रदेशात भीषण दुष्काळ पडला होता, शेतीसाठी पाणथळ जागा आधीच उपसून कोरड्या केल्या गेल्या होत्या आणि पाणबदकांची संख्या चिंता वाटावी इतकी घटली होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वन्यजीव खात्याची सूत्रे जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांच्याकडे सोपवली. डार्लिंग पेशाने व्यंगचित्रकार होते. १९२४ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले होते आणि पुढे १९४३ साली ते पुन्हा मिळाले. रूझवेल्ट यांच्या धोरणांवर कुंचला चालवणाऱ्या माणसालाच त्यांनी खात्यात आणून बसवले, हे मला आजही विलक्षण वाटते. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या १६ वर्षांवरील प्रत्येकाने दर वर्षी केंद्र सरकारचा स्टॅम्प विकत घ्यावा आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखाव्यात, असा कायदा झाला. पहिल्या स्टॅम्पावरची पाण्यावर उतरणारी मॅलार्ड बदकांची जोडी डार्लिंग यांनी स्वतः रेखाटली. तेव्हा किंमत होती १ डॉलर, आज आहे २५ डॉलर. या विक्रीतून आजवर १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि ६० लाख एकरांच्या आसपास जमीन राष्ट्रीय वन्यजीव रेफ्यूजांच्या, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या क्षेत्रांच्या, जाळ्यात आली. रेफ्यूजच्या वेशीवरच्या पाटीवर उडता निळा कलहंस दिसतो, तोही डार्लिंग यांच्याच हातचा. चित्रातून पक्ष्यांसाठी पैसा उभा करण्याची कल्पना अशी या खात्याच्या हाडीमांसी खिळलेली आहे.

मुलांचा स्टॅम्प बराच उशिरा आला. १९८९ मध्ये शाळांसाठी एक शैक्षणिक उपक्रम म्हणून त्याची सुरुवात झाली, १९९३ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्याला कायमचे स्थान दिले. पहिल्या स्टॅम्पावर रेडहेड जातीचे बदक होते. स्पर्धेत इयत्तेनुसार चार गट असतात. प्रत्येक राज्यातून एक सर्वोत्तम चित्र निवडून राष्ट्रीय फेरीला पाठवले जाते आणि तिथला पहिला क्रमांक त्या वर्षीच्या स्टॅम्पावर छापला जातो. विजेत्याला १,००० डॉलर मिळतात. देशभरातून दर वर्षी हजारो मुले भाग घेतात.

आता पैशाचा प्रश्न. मोठ्या स्टॅम्पाच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट थेट अधिवासावर, म्हणजे पाणथळ जागा विकत घेण्यावर किंवा तिथल्या जमिनीच्या वापराचे हक्क घेण्यावर खर्च होतात. इतका सरळ हिशेब देणारी सरकारी योजना मला दुसरी ठाऊक नाही. ज्युनियर स्टॅम्पाचे तसे नाही. त्याच्या विक्रीतून आलेली रक्कम मुलांची बक्षिसे आणि निसर्गशिक्षण यांसाठी वापरली जाते. आपण दिलेल्या पाच डॉलरांतून एक चौरस फूटही दलदल विकत घेतली जात नाही. यात फसवणूक मुळीच नाही, कारण कायद्याने ठरवलेला हेतूच तो आहे आणि खाते तो लपवतही नाही. पण स्टॅम्पावर बदक, नावात ‘डक’, शेजारीच ठेवलेला मोठा स्टॅम्प आणि त्याची अधिवासखरेदीची ख्याती, हे सगळे एकत्र पाहिल्यावर खरेदीदाराची समजूत आपोआप तशी होते. वाढदिवसाच्या भेटपाकिटात हा स्टॅम्प घालून त्यावर ‘तुझ्या नावाने पक्ष्यांना घर’ असे लिहिणारे पालक मी पाहिले आहेत. ते वाक्य खरे करायचे असेल, तर भेट २५ डॉलरची द्यावी लागेल.

वस्तू म्हणून हा स्टॅम्प कसा आहे? चित्राचा दर्जा वर्षागणिक थक्क करणारा असतो, हे मान्य करायलाच हवे. मूळ चित्र ९ इंच बाय १२ इंच आकाराचे, आडवे असावे लागते, आणि ते चिमटीत मावणाऱ्या तिकिटावर आणताना पार्श्वभूमीतले पुष्कळसे काम गिळले जाते. मोठ्या कागदावर ज्या गवताच्या पात्यांवर एखाद्या मुलाने संध्याकाळीमागून संध्याकाळी खर्च केल्या असतील, ती तिकिटावर नुसता पिवळसर धुरळा होऊन बसतात. म्हणूनच मोठ्या आकारात मांडलेली, मोजक्या रंगांची चित्रे स्टॅम्पावर अधिक खुलतात. २०१७ च्या स्टॅम्पावरचे ट्रम्पेटर स्वान पाहावेत. ते व्हर्जिनियातल्या बारा वर्षांच्या मुलाने काढले होते. पांढऱ्या पक्ष्यावर पांढऱ्याच छटांनी पिसे उभी करणे मोठ्यांनाही सहज जमत नाही. त्या पक्ष्याची निवडही अर्थपूर्ण आहे. पिसांसाठी आणि मांसासाठी या हंसाची इतकी कत्तल झाली होती की १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्का वगळता उर्वरित अमेरिकेत जेमतेम ७० पक्षी उरल्याची नोंद होती. १९३५ साली माँटाना राज्यात रेड रॉक लेक्स रेफ्यूज स्थापन झाले ते मुख्यतः त्यांच्यासाठी. आज हा हंस पुन्हा मोठ्या संख्येने दिसतो. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, जॉर्जियातल्या एका विद्यार्थिनीने काढलेला एम्परर गूज निवडला गेला. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या या कलहंसाची संख्या घटल्यामुळे १९८७ पासून त्याच्या शिकारीवर बंदी होती आणि ती उठली २०१७ साली, पक्षी पुरेसे सावरल्यावर. मुलाला स्टॅम्प देताना त्यामागची अशी हकिगत सांगितली, तर त्या तिकिटाला वजन येते. ती सांगितली नाही, तर ते वहीत चिकटवून विसरण्याजोगे चित्र राहते.

या उपक्रमाचा खरा गाभा मात्र तिकिटात नसून त्याच्या नियमांत आहे. चित्र ठरावीक यादीतल्या उत्तर अमेरिकी पाणपक्ष्याचेच असले पाहिजे, ते जिवंत पक्ष्याचे असले पाहिजे, त्याची अंगलट आणि पिसारा खऱ्याला धरून असला पाहिजे आणि मासिकातल्या किंवा इंटरनेटवरच्या कोणाच्या छायाचित्राची नक्कल चालत नाही. चित्राच्या पुढच्या बाजूला सही, अक्षरे किंवा चौकट चालत नाही. हे वाचताना कोरडे वाटते, पण घरात दहा वर्षांची मुलगी कागद घेऊन बसली की या नियमांची करामत कळते. तिने पहिल्यांदा काढलेले बदक मुलांच्या पुस्तकात असते तसे होते, म्हणजे पिवळे, गोलमटोल आणि हसरे. थापट्या बदकाची चोच काढायची म्हटल्यावर ती अडली, कारण ती चोच टोकाशी उलथन्यासारखी रुंद होते, तिच्या कडेला बारीक दातऱ्यांची झालर असते आणि पाणी त्या झालरीतून गाळून हा पक्षी आपले खाद्य मिळवतो, हे ठाऊक असल्याशिवाय ती नीट काढताच येत नाही. थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल पोहत पाणी ढवळून काढतात, हेही तिला चित्राच्या निमित्तानेच पाहायला मिळाले.

पाहायला जाण्यासाठी आमच्या भागातून एडविन बी. फोरसाइथ रेफ्यूज सोयीचे आहे. ब्रिगँटीन आणि बार्नेगॅट ही दोन जुनी रेफ्यूजे १९८४ मध्ये एकत्र करून ते झाले आणि त्याचा बहुतांश भाग म्हणजे भरती-ओहोटीचे खाजण. आठ मैलांच्या कच्च्या रस्त्यावरून गाडी हळूहळू चालवत जायचे. एका हाताला बांध घालून अडवलेली तळी आणि दुसऱ्या हाताला खाडी, तिच्यापलीकडे अटलांटिक सिटीच्या कसिनोंचे मनोरे. नोव्हेंबर-डिसेंबरात स्नो गूज, ब्रँट, काळपट अमेरिकन ब्लॅक डक, तलवार बदके यांची इथे गर्दी असते. मोठा डक स्टॅम्प जवळ असला की प्रवेशशुल्क द्यावे लागत नाही. गाडीतून उतरण्याची घाई करू नये, कारण गाडीला न बुजणारे पक्षी माणूस दिसताच उठतात. ब्लॅक डक आणि मॅलार्डची मादी यांतला फरक ओळखायला मुलांना इथेच शिकवता येते. दोन्ही तपकिरी, पण ब्लॅक डकच्या पंखावरचा चमकता पट्टा जांभळसर असतो आणि त्याला मॅलार्डसारख्या ठळक पांढऱ्या कडा नसतात. एकदा हा पट्टा रंगवला की तो फरक मुले विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एक छोटेसे विषयांतर करते. थापट्या आणि तलवार बदक हे उत्तर अमेरिकेचे तसेच आपल्याकडच्याही हिवाळ्याचे पाहुणे. निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला, जी २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेली महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली, याच जातींचे पक्षी उत्तरेकडून उतरतात. ते थवे वेगळे आणि त्यांचे मार्गही वेगळे, पण जात तीच. मुलांना आजोळी नेल्यावर ‘हे मला येते’ असे म्हणत दुर्बीण हिसकावून घेण्याची संधी मिळते, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

शिकारीचा मुद्दा मराठी घरात हमखास निघतो. मुलीच्या नाशिकच्या आजीला फोनवर हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, म्हणजे मारणाऱ्यांकडूनच राखणीचे पैसे घ्यायचे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘हो’ असेच आहे. अमेरिकेतल्या पाणथळ जागांच्या संरक्षणाचा मोठा भार शिकाऱ्यांनी उचलला आहे. ज्युनियर स्टॅम्पाच्या स्पर्धेत शिकारीचा संबंध येत नाही, पण ज्या परंपरेतून तो निघाला ती परंपरा तीच आहे आणि मुलांपासून ती दडवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना हे अजिबात मानवत नाही, त्यांनी हा स्टॅम्प घेऊ नये. परंतु निषेध म्हणून मोठा स्टॅम्प नाकारणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तो घ्यायला शिकारी असण्याची अट नाही. अनेक पक्षीनिरीक्षक केवळ अधिवासासाठी तो दर वर्षी विकत घेतात. बंदूक न उचलता पाणथळ राखण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नसेल.

आता उणिवा. पहिली आणि मला सर्वांत खटकणारी म्हणजे परीक्षकांची अभिरुची. राष्ट्रीय फेरीत पोहोचणारी चित्रे पाहत गेले की ती एकाच साच्यातली वाटू लागतात. पीस न् पीस मोजता येईल असे, छायाचित्राला लाजवणारे बदक, मागे धूसर पाणी आणि सकाळचे ऊन. शाईने चार रेषांत पकडलेला उडणारा थवा किंवा कागद कापून केलेला पक्षी नियमांत बसू शकतो, पण शेवटच्या फेरीत तसे चित्र मला दिसलेले नाही. त्यामुळे जिंकणारी बहुतेक मुले हायस्कूलच्या वयाची, अनेक वर्षे शिकवणी घेतलेली असतात. आमच्या परिसरात तर या स्पर्धेसाठी खास तयारी करून घेणारे कलावर्ग निघाले आहेत. तिथे मुलाला बदक दिसण्याआधी बदकाचे चित्र कसे ‘गुण मिळवणारे’ करायचे ते शिकवले जाते. पाचवीतल्या मुलाच्या अर्जाकडे कॉलेजप्रवेशाच्या नजरेने पाहणारे आपले पालकही यात मागे नाहीत, हे सांगायला हवे.

याच साच्यातून २०१३ चा वाद उद्भवला. त्या वर्षी सहा वर्षांच्या एका मुलीचे कॅनव्हासबॅक बदकाचे चित्र पहिले आले. ते तिच्या वडिलांनी काढलेल्या छायाचित्रावरून आणि ते कागदावर उतरवण्याच्या एका पद्धतीने केले होते, असा आक्षेप निघाला. खात्याने आधी तिला बाद ठरवले आणि नंतर फेरविचार करून पुन्हा विजेती घोषित केले. मुलीचा यात काही दोष नव्हता, आणि निकाल शेवटी योग्य लागला असे मला वाटते. मोठ्यांचा कलाबाजार आणि त्यांचे वाद लहान मुलांच्या अंगणात कसे शिरतात, ते मात्र तेव्हा उघड झाले. छायाचित्रासारखे चित्र हाच निकष ठेवला, तर छायाचित्राची मदत किती घ्यावी हा तंटा कधी मिटणार नाही.

दुसरी उणीव संदेशाची. चित्रासोबत मुलांना संवर्धनाविषयी एक छोटासा संदेश लिहिता येतो आणि त्याचे वेगळे बक्षीस असते. हा भाग मला चित्राइतकाच मोलाचा वाटतो. पण तो स्टॅम्पावर नसतो, खरेदीदाराला दिसत नाही आणि स्पर्धेच्या कौतुकात दुय्यम ठरतो. ज्या मुलाला चित्र जमत नाही पण सांगण्यासारखे बरेच आहे, त्याला या उपक्रमात अंग चोरून उभे राहावे लागते.

तिसरी गोष्ट खरेदीची. हा स्टॅम्प प्रत्येक पोस्टात मिळत नाही. तो ऑनलाइन मागवावा लागतो किंवा काही रेफ्यूजांच्या विक्रीकेंद्रांत मिळतो. पाच डॉलरच्या वस्तूसाठी पाठवणावळ भरणे कोणाला आवडेल? रेफ्यूजला जाणार असाल तर आधी फोन करून विचारावे आणि तिथेच घ्यावा.

या सगळ्यात फुकट मिळणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी वस्तू म्हणजे उपक्रमाचा अभ्यासक्रम. शिक्षकांसाठी आणि घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी खात्याने मार्गदर्शिका तयार केल्या आहेत आणि त्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. पाण्याच्या पृष्ठभागावर डोके खाली घालून चरणारी बदके आणि बुडी मारून तळाचे खाणारी बदके यांत फरक कसा, पायांची ठेवण शरीरावर कुठे असते, पाणथळीत कोणाचे काय चालते, हे त्यात कृतींसह दिलेले आहे. कोणत्याही मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गात यातले एक प्रकरण सहज घेता येईल. चित्र स्पर्धेला पाठवायचे की नाही, हा नंतरचा प्रश्न.

तेव्हा माझी शिफारस अशी. मूल चित्र काढणारे असेल तर एक ज्युनियर स्टॅम्प जरूर घ्यावा, कारण आपल्याच वयाच्या कोणाचे तरी चित्र सरकारने छापले आहे हे पाहिल्यावर मुलांचा कागदाकडे पाहण्याचा आविर्भाव बदलतो. मूल चित्र काढणारे नसेल आणि हेतू पक्ष्यांसाठी पैसे देण्याचा असेल, तर याच्यावर वेळ न घालवता मोठा स्टॅम्प घ्यावा. स्पर्धेत उतरायचे असेल तर चित्रे साधारणपणे हिवाळा संपण्याआधी आपापल्या राज्याच्या केंद्राकडे पाठवावी लागतात, नेमकी तारीख आधी पाहून घ्यावी. त्यामुळे पक्षी प्रत्यक्ष पाहण्याचे काम नोव्हेंबरातच उरकावे. कागद आधीच ९ बाय १२ चा कापून द्यावा, आणि कलावर्गाची फी भरण्याआधी त्या पैशांत एक बऱ्यापैकी दुर्बीण येते का ते पाहावे.